छोट्या होडीवरचा ५ इंची फिशफाइंडर, दोन सीझन वापरून झाल्यावर

आधी निकाल सांगून टाकतो, मग पुढचं वाचायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. मशीन, म्हणजे पाण्याखालचा तळ आणि मासे आवाजाने शोधून स्क्रीनवर दाखवणारा फिशफाइंडर, चांगलंय. पाचपैकी चार. जो एक स्टार कापलाय तो सोबत आलेल्या ब्रॅकेटला आणि त्या मॅन्युअलला, ज्यात सुरक्षा सूचना ढीगभर भाषांत आहेत पण ट्रान्सड्यूसर, म्हणजे पाण्यात राहणारा सेन्सर, नक्की कुठे बसवायचा हे दीड पानात उरकलंय. आणि खरं सांगायचं तर पहिल्या दीड महिन्यात मला कोणी विचारलं असतं तर मी एकच स्टार दिला असता आणि वर शिव्या घातल्या असत्या. नंतर कळलं की गडबड मशीनमध्ये नव्हतीच, मी ते जसं बसवलं होतं त्यात होती. म्हणून हा रिव्ह्यू मशीनचा कमी आणि बसवण्याचा जास्त झालाय, चालवून घ्या.

होडी माझी साडेचार मीटरची, फायबरची, मागे बाहेरून लावलेलं छोटं आउटबोर्ड इंजिन. मशीनला ५ इंची स्क्रीन, चर्प सोनार, सोबत ४५५ आणि ८०० किलोहर्ट्झचं डाउन इमेजिंग (होडीखालचं जास्त बारीक चित्र), आत जीपीएस. कंपनीचं नाव देत नाही, कारण खाली सर्व्हिसचा किस्सा येतोय, आणि तसंही या साइझमध्ये बसवायचं गणित सगळ्यांचं सारखंच असतं.

घेताना दुकानात स्क्रीनवर काय मासे पळत होते म्हणून सांगू. माशांच्या मोठमोठ्या कमानी, तळाशी बुडालेलं झाड, सगळं कसं ठळक. तो डेमो असतो हो. सिम्युलेटर. माझ्या मेहुण्याने तर घरी आल्या आल्या टेबलावर मशीन चालू केलं आणि "अरे या या, हॉलमध्ये बारा मीटर पाणी आहे आणि मासे पण आहेत" म्हणून सगळ्यांना गोळा केलं. त्याला हसलो खरा, पण होडीवर गेल्यावर पहिला अर्धा तास मी स्वतः सिम्युलेटरच बघत बसलो होतो, पहिल्यांदा चालू करताना जो प्रश्न विचारतं तिथे घाईत भलतंच बटन दाबलेलं. कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, आधी ते बघा.

आता हे डबडं काम कसं करतं ते थोडक्यात, कारण ते कळल्याशिवाय माझ्या चुका कळणार नाहीत. पाण्यात जो काळा प्लॅस्टिकचा ठोकळा असतो तो ट्रान्सड्यूसर, खरं मशीन ते, स्क्रीन नुसती पाटी. ठोकळ्यात पीझो सिरॅमिकची चकती असते, वीज दिली की ती थरथरते, आवाजाचा ठोका खाली जातो, तळाला नाहीतर माशाला आपटून परत येतो आणि तीच चकती तो ऐकते. जाऊन यायला किती वेळ लागला त्यावरून खोली. पाण्यात आवाज सेकंदाला साधारण १५०० मीटर जातो, म्हणजे १५ मीटर पाण्यात जाऊन यायला २० मिलिसेकंद. जपानमध्ये फुरुनोने १९४८ मध्ये पहिला फिशफाइंडर बाजारात आणला तेव्हापासून मूळ तत्त्व हेच. आणि या सगळ्याचा एकच मोठा वैरी, हवा. पाण्यातला आवाज हवेपाशी आला की जवळजवळ सगळा तिथूनच मागे फिरतो. माशाचा प्रतिध्वनी येतो तोही बराचसा त्याच्या पोटातल्या हवेच्या पिशवीमुळे, म्हणून शार्कसारखे ज्यांना ही पिशवीच नसते ते अंगाच्या मानाने फिके दिसतात. पण हाच नियम आपल्यावर उलटतो, ट्रान्सड्यूसरच्या तोंडाखाली बुडबुडे आले की मशीन आंधळं. माझा दीड महिना या बुडबुड्यांत गेला.

झालं असं की होडी उभी असताना सगळं मस्त. तळ दिसतोय, खोली दिसतेय, पाण्याचं तापमान दिसतंय. इंजिन जरा वाढवलं की तळाची रेघ तुटायला लागायची, अजून वाढवलं की आकडा लुकलुकायचा आणि मग थेट ०.६ मीटर, खाली चांगलं आठ मीटर पाणी असताना. मी आपला सेटिंगमध्ये बोटं घालत बसलो, सेन्सिटिव्हिटी वाढव, नॉइज फिल्टर लाव, फॅक्टरी रिसेट मार, सॉफ्टवेअर अपडेट कर, काही फरक नाही. शेवटी एक दिवस मेहुण्याला इंजिनवर बसवलं आणि मी मागच्या कोपऱ्यात पालथा पडून ट्रान्समच्या, म्हणजे होडीच्या मागच्या उभ्या फळीच्या, कडेवरून खाली बघितलं. लाइफ जॅकेट घालून, पंख्यापासून लांबच्या कोपऱ्यात, उगाच कोणी शूरपणा करू नका. तर होडीच्या बुडाला लांबीच्या दिशेने ज्या उंच धारा असतात ना, त्यातली एक धार बरोबर माझ्या ट्रान्सड्यूसरच्या पुढे संपत होती आणि तिच्या टोकापासून पांढऱ्या फेसाची एक शेपटी निघून सरळ ठोकळ्यावरून जात होती. वीतभर बाजूला पाणी काचेसारखं. एका वितीने मला दीड महिना छळलं!

तर ट्रान्समवर जागा निवडताना काय बघायचं ते सांगतो. पंख्यापासून कमीत कमी ३८ सेंटीमीटर, म्हणजे १५ इंच लांब. एकच इंजिन असेल आणि मागून बघताना पंखा घड्याळाच्या काट्यासारखा फिरत असेल, बहुतेक असतोच, तर उजवी बाजू घ्या, कारण तिकडे पातं खाली जात असतं आणि पाणी कमी ढवळतं. बुडाची धार, रिव्हेटची रांग, पाणी आत घेणारं किंवा बाहेर टाकणारं छिद्र, यांच्या थेट मागे नको. ट्रान्सड्यूसरचं तोंड बुडाच्या किंचित खाली, फायबरला साधारण ३ मिलीमीटर, ॲल्युमिनियमच्या होडीला १० मिलीमीटर. जास्त खाली सोडला की वेगात मागे पाण्याचं कारंजं उडतं आणि ब्रॅकेटवर नसता ताण, वर राहिला की परत बुडबुडे. आणि लेव्हल. ही मी केली होती, पण ट्रेलरवर! स्पिरिट लेव्हल लावून, बुडबुडा मधोमध आणून, फोटोबिटो काढून. पाण्यात गेल्यावर दोन माणसं, पेट्रोलची टाकी आणि बॅटरी सगळं मागेच, होडीचा मागचा भाग दबला आणि ठोकळा वाकडा. खूण अशी की स्क्रीनवर माशाच्या कमानीचा एकच पाय दिसतो, चढ आहे पण उतार नाही किंवा उतार आहे चढ नाही. लेव्हल पाण्यातच बघायची, नेहमीचं वजन नेहमीच्या जागी ठेवून.

भोकांबद्दल. डायरेक्ट ट्रान्समला ट्रान्सड्यूसर मारूच नका. एक जाड एचडीपीईची फळी घ्या, स्वयंपाकघरात चिरायला जो पांढरा प्लॅस्टिकचा बोर्ड असतो बऱ्याचदा त्याच मटेरियलची, ती एकदा ट्रान्समला स्क्रूने बसवा आणि पुढची सगळी हलवाहलव त्या फळीवर करा. गमने चिकटवायच्या नादाला लागू नका, त्याला गम धरत नाही. हे शहाणपण मला तिसऱ्या वेळी आलं, त्याआधीची भोकं एपॉक्सीने बुजवलीत आणि माझा ट्रान्सम आता ठिगळं लावलेल्या चाळणीसारखा दिसतो. ड्रिलच्या बिटला टेप गुंडाळून खोलीची खूण करा म्हणजे बिट आरपार जात नाही, आणि सुरुवातीला ड्रिल उलटं फिरवलं तर वरचा जेलकोट तडकत नाही.

आणि सीलंट. इथे मी जी कंजुषी केली ती कोणी करू नका. फायबरच्या होडीच्या ट्रान्सममध्ये बऱ्याचदा आत प्लायवूड असतं, म्हणजे प्रत्येक स्क्रू हा पाण्याला आत यायचा रस्ता. मी घरातली बाथरूमची सिलिकॉनची ट्यूब उरली होती ती वापरली. सीझन संपल्यावर सहज एक स्क्रू काढला तर त्याच्या पाठोपाठ चहासारखं तपकिरी पाणी ओघळलं, आणि भोकात काडी घातली तर ती मऊ लाकडात शिरली, बोटाच्या पेरभर. वेळेवर दिसलं म्हणून तेवढाच भाग खरवडून, वाळवून, एपॉक्सी भरून निभावलं. पाण्याखालच्या कामासाठीचं मरीन सीलंटच घ्या, स्क्रू ३१६ स्टेनलेसचे घ्या, भोकात पण सीलंट भरा आणि स्क्रूच्या आट्यांना पण लावा.

भोकं पाडायचीच नसतील तर ट्रान्सड्यूसर होडीच्या आतून बुडाला एपॉक्सीने चिकटवता येतो, आवाज फायबरमधून जातो. पण फायबर भरीव हवं, मध्ये फोम किंवा लाकूड नको, एपॉक्सीत एकही हवेचा बुडबुडा नको, आणि तापमान मग पाण्याचं नाही, होडीच्या बुडाचं दिसतं. डाउन इमेजिंग असं आतून चालवायच्या भानगडीत पडू नका. चिकटवण्याआधी पाणी भरलेली प्लॅस्टिकची पिशवी बुडावर ठेवून त्यात ट्रान्सड्यूसर दाबून बघा, सिग्नल नीट आला तरच पुढे जा. हवेच्या फुगवायच्या होड्यांना क्लॅम्पवाला दांडा बरा पडतो, सक्शन कप नको, मेहुण्याचा दोनदा सुटलाय, एकदा तर केबलला लोंबकळत परत आलो.

वायरिंगला लोक फार कमी लेखतात. मी मशीन इंजिनच्या स्टार्टिंग बॅटरीलाच जोडलं होतं, जवळ होती म्हणून. दर वेळी सेल्फ मारला की मशीन बंद होऊन परत चालू, कारण स्टार्टर फिरताना व्होल्टेज क्षणभर दाणकन पडतं आणि मशीनला साधारण १० व्होल्टच्या वर लागतं. परत चालू झालं की ती इशाऱ्याची पाटी, "सहमत" दाबल्याशिवाय पुढे जातच नाही, आणि हात आपले आमिषाने बरबटलेले. शिवाय इंजिन चालू असलं की स्क्रीनभर बारीक पावसासारखे ठिपके. हे बुडबुडे की वायरिंग ते ओळखायला सोपी टेस्ट आहे: होडी बांधलेली ठेवा, न्यूट्रलमध्ये इंजिन थोडं रेस करा. होडी जागची हलत नाही म्हणजे बुडबुड्यांचा संबंध नाही, तरी ठिपके वाढले तर दोष वायरिंगमधून येतोय. न्यूट्रलमध्ये स्क्रीन स्वच्छ आणि पळताना घाण, तर दोष पाण्यात. माझ्याकडे दोन्ही दोष एकत्र होते, त्यामुळे एक सुधारला तरी दुसरा तसाच आणि मला वाटायचं काहीच सुधारलं नाही.

आता मशीनला वेगळी १२ व्होल्ट ७ ॲम्पिअर-अवरची छोटी बॅटरी आहे. ब्राइटनेस फुल ठेवल्यावर माझं मशीन मीटरवर ०.८ ॲम्पिअर खातं, लेड ॲसिड बॅटरी निम्म्याच्या खाली उतरवायची नसते, म्हणजे हिशेबाने चार तास आणि थोडं वर. पुढे मी लिथियम आयर्न फॉस्फेटची घेतली, तीच ७ ॲम्पिअर-अवर, वजन निम्म्याहून कमी आणि चालते जवळपास दुप्पट, फक्त चार्जर तिचाच वापरायचा. बॅटरीच्या प्लसजवळ ३ ॲम्पिअरचा फ्यूज, जवळ म्हणजे खरंच जवळ, मशीनजवळ लावला तर मधली अख्खी वायर बिनसंरक्षणाची राहते. तांब्याला कथिलाचा मुलामा असलेली वायर, लग दाबून बसवलेले, वर गमवाली हीट श्रिंक. पिळून टेप मारलेला जॉइंट खाऱ्या हवेत किती टिकतो माहितीये का, माझा टेप सोलला तेव्हा आत हिरवी पावडर होती, वायर नव्हतीच. ट्रान्सड्यूसरची केबल इंजिनच्या वायरच्या जुडीपासून लांबून न्या, ओलांडायची वेळ आली तर काटकोनात ओलांडा, आणि जास्तीची केबल कापू नका. आत शील्ड असते, कापून जोडली की ती अँटेनासारखी सगळा कचरा ओढते. सैल वेटोळं करून कोपऱ्यात बांधून टाका.

एवढं सगळं झाल्यावर काकांना घेऊन गेलो. काका आयुष्यभर दोरीला शिसं बांधून वाव (एक वाव म्हणजे सहा फूट) मोजणारे, दोरीला दर वावाला गाठ, आणि शिशाच्या बुडाशी ग्रीस लावलेलं, तळाला टेकवून वर घेतलं की ग्रीसला वाळू चिकटलीय की चिखल ते बघायचं. मशीन म्हणालं ६.२ मीटर. काकांनी दोरी सोडली, बोटांनी गाठी मोजल्या, म्हणाले, "साडेतीन वाव आणि वर थोडं." म्हणजे साडेसहा मीटरच्या आसपास. मी म्हटलं, "काका, दोरी ताणली गेली असेल तुमची." "अरे, दोरी तुझ्या वयाची आहे, ती आता काय ताणायची राहिलीय! तुझा ठोकळा कुठून मोजतो ते बघ की." आणि तिथेच माझी बोलती बंद, कारण ठोकळा स्वतः पाण्याखाली २० सेंटीमीटर आहे आणि तो स्वतःच्या तोंडापासून मोजतो, पाण्याच्या पातळीपासून नाही. मेनूमध्ये ऑफसेट असतो तो भरला. उरलेला फरक गाळाचा, शिसं मऊ चिखलात रुततं आणि आवाज चिखलाच्या वरच्या थरावरूनच परत येतो. पाणी गोडं की खारं हे पण सेटिंग नीट ठेवा, २५ अंशाला गोड्या पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे १४९७ मीटर आणि समुद्राच्या पाण्यात १५३४ च्या आसपास, दहा मीटरला पाव मीटरची चूक येते. मासेमारीत कोणी विचारत नाही पण उथळ जागी बूड घासतं तेव्हा आठवतं. आता खोलीचं युनिट मी फॅदमवर ठेवलंय, फॅदम म्हणजे वावच, त्यामुळे काका पण स्क्रीनकडे बघतात, न बघितल्यासारखं करून.

तळ ओळखण्यात मात्र मशीन काकांच्या ग्रीसच्या तोडीचं आहे, हे त्यांनीच कबूल केलं. कडक तळ जाड आणि झळझळीत दिसतो, आणि बऱ्याचदा त्याच्या दुप्पट खोलीवर अजून एक फिका तळ दिसतो, कारण ठोका तळावरून येतो, पाण्याच्या पृष्ठभागावरून परत खाली जातो आणि पुन्हा वर येतो. तो दुसरा तळ दिसला की खडक नाहीतर घट्ट वाळू समजा. गाळ असला की रेघ फिकट, खालून विरघळल्यासारखी. काकांनी दोन ठिकाणी शिसं टाकून पडताळा घेतला, दोन्ही वेळा बरोबर, एकदा तर ग्रीसला शिंपल्याचा तुकडा चिकटून आला. मला विचाराल तर मासे दिसणं हा बोनस आहे, या मशीनची खरी कमाई म्हणजे तळ. कुठे खडक संपून गाळ सुरू होतो, कुठे उंचवटा, कुठे घसरण. मासे अशाच जागांच्या आसपास असतात, आणि जीपीएसवर खूण मारून ठेवली की पुढच्या वेळी थेट तिथेच नांगर.

आता स्क्रीन वाचणं. स्क्रीन म्हणजे पाण्याचा फोटो नाही. आत्ता होडीखाली काय आहे ते फक्त उजव्या कडेची शेवटची उभी रेघ. बाकी डावीकडे सरकत जाणारं सगळं झालं गेलं. होडी उभी असली तरी चित्र सरकत राहतं, त्यामुळे खालीच थांबलेला एक मासा लांबलचक आडवी रेघ काढतो आणि नवशिक्याला वाटतं केवढा मोठा मासा! मेहुण्याने अशाच एका रेघेवर तासभर गळ सोडून ठेवला होता. शेवटी वर आला त्याचा स्वतःचाच शिशाचा गोळा, मशीन इमानदारीत त्याचंच चित्र काढत होतं.

कमानीचं पण असंच. मासा आवाजाच्या शंकूच्या कडेला असतो तेव्हा जरा लांब, बरोबर खाली आला की जवळ, परत कडेला गेला की लांब, म्हणून कमान. पण २० अंशाच्या शंकूत ३ मीटर पाण्यात हा फरक किती, जेमतेम ५ सेंटीमीटर. एवढ्यात कसली कमान, ठिपका नाहीतर छोटी रेघ येते. शंकूची रुंदी पण लक्षात घ्या, २० अंशाला १० मीटर खोलीवर तळाशी साडेतीन मीटरचं वर्तुळ, ३ मीटर पाण्यात फक्त एक मीटर. म्हणजे उथळ पाण्यात तुम्ही किल्लीच्या भोकातून बघताय. ६० अंशाचा रुंद शंकू, साधारण ८३ किलोहर्ट्झवाला, १० मीटरला साडेअकरा मीटर रुंद बघतो, पण मग दोन शेजारचे मासे एकात एक मिसळतात आणि मासा तुमच्या खाली आहे की पाच मीटर बाजूला ते कळत नाही. चर्पमध्ये एकाच फ्रिक्वेन्सीऐवजी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरकत जाणारा ठोका असतो, त्यामुळे जवळजवळचे दोन मासे वेगळे दिसतात, हा फरक खरा आहे, नुसती जाहिरात नाही. तळाला चिकटून बसलेले मात्र त्यातही चुकतात, आणि उतारावर तर जास्तच, कारण शंकूला उताराची वरची कड आधी लागते आणि तिच्या खालचं सगळं तळातच धरलं जातं.

माशाचं चित्र दाखवणारा जो फिश आयडी आहे तो बंद करा. पहिल्याच दिवशी. पाण्यात तरंगणारं काहीही, पान, काटकी, बुडबुड्यांचा पुंजका, त्याला तो गोंडस मासा करून दाखवतो आणि वर टूंक वाजतो. सेन्सिटिव्हिटी ऑटोवर ठेवून तिथून दोनतीन पायऱ्या वर घ्या, पाण्यात थोडी धूळ दिसायला लागली की एक पायरी खाली. ती धूळ दिसणं चांगलं असतं, स्क्रीन एकदम स्वच्छ ठेवली तर लहान मासेही पुसले जातात. उन्हाळ्यात मध्येच एक आडवी पुसट रेघ दिसते, खोली कितीही बदलो ती तिथेच, तो गरम आणि थंड पाण्याचा सांधा. बिघाड नाही. आणि शेजारच्या होडीवर त्याच फ्रिक्वेन्सीचं मशीन चालू असेल तर तिरप्या तुटक रेघा येतात, तोही बिघाड नाही, थोडं लांब सरका. डाउन इमेजिंगबद्दल एवढंच, बुडालेल्या झाडाच्या फांद्या त्यात खरंच फांद्यांसारख्या दिसतात, मासे मात्र नुसते ठिपके. मी दोन्ही अर्धी अर्धी स्क्रीन ठेवतो, आणि ५ इंचात अर्धी म्हणजे चष्मा लागतोच. पोलराइज्ड गॉगल घालून मान एका बाजूला झुकवली की स्क्रीन काळी पडते, पहिल्यांदा मी मशीन बंद पडलं समजून वायर हलवत बसलो होतो.

देखभाल फार नाही पण जी आहे ती टाळू नका. नवीन ट्रान्सड्यूसरच्या तोंडावर तेलकटपणा असतो, पाणी नीट चिकटत नाही आणि हवेचा पातळ थर धरून राहतो, म्हणून बसवल्यावर भांडी घासायच्या सौम्य लिक्विडने बोटाने चोळून घ्या. मी दर ट्रिपला पाण्यात सोडण्याआधी चोळतो. होडी खाऱ्या पाण्यात तीन आठवडे तशीच उभी होती तेव्हा तोंडावर शेवाळ आणि वर पांढरे बार्नॅकल (घट्ट चिकटणारे कवचाचे समुद्री जीव), सिग्नल निम्मा. चाकूने खरवडायचा मोह आवरा, मऊ ब्रश, नाहीच निघालं तर बारीक वॉटर पेपर ओला करून हलक्या हाताने. होडी पाण्यातच राहत असेल तर ट्रान्सड्यूसरसाठीचा पाण्याच्या बेसचा अँटीफाउलिंग रंग मिळतो तो पातळ लावा, बुडाचा नेहमीचा रंग नको, त्यातलं सॉल्व्हंट प्लॅस्टिक खातं. स्क्रीन गोड्या पाण्याने ओल्या केलेल्या मायक्रोफायबरने, आधी मीठ विरघळू द्या आणि मग पुसा, कोरडं पुसलं की मिठाचे कण ओरखडे काढतात. काच पुसायचा अमोनियावाला स्प्रे नको. प्रेशर वॉशर तर अजिबात नको.

कनेक्टरचा किस्सा राहिला. मशीनवर आयपीएक्स७ लिहिलंय, म्हणजे १ मीटर पाण्यात अर्धा तास. मी खूश, मशीन काढून घरी न्यायचो आणि केबलचं टोक होडीत तसंच उघडं सोडायचो. सहा महिन्यांनी एक पिन हिरवी झाली, ट्रान्सड्यूसर दिसेनासा झाला. सर्व्हिसला दिलं, पाच आठवडे ठेवून घेतलं, तीन वेळा मीच फोन केला, आणि उत्तर काय तर पाणी गेलंय, वॉरंटीत बसत नाही. पाण्यावर वापरायच्या मशीनला! पिन गंजली यात माझी चूक आहे हे मान्य, पण पाच आठवडे कशाला लागले ते कोणी सांगितलं नाही, आणि परत आलेल्या डब्यात मशीनचं कव्हर नव्हतं. शेवटी कॉन्टॅक्ट क्लीनर आणि जुना टूथब्रश घेऊन मीच साफ केलं, चालू झालं, अजून चालतंय. आता कनेक्टरला थोडं डायइलेक्ट्रिक ग्रीस आणि उघड्या टोकाला रबरी टोपी. जोडताना खाच जुळवून मगच दाबा, पिना वाकल्या तर टूथब्रशने सरळ होत नाहीत.

घ्यावं का? पाच ते तीस मीटर पाण्यात, छोट्या होडीतून जात असाल तर घ्या. कायम दोन मीटर पाण्यातच फिरत असाल तर मासे बघायला घेऊ नका, खोली आणि जीपीएसपुरतं साधं छोटं मशीन पुरे. ७ इंची घेता आलं तर घ्या, अर्ध्या स्क्रीनचा त्रास वाचेल.

ब्रॅकेटचे प्लॅस्टिकचे दाते दोन सीझनमध्ये झिजलेत, वेगात ठोकळा आपोआप वर उचलला जातो आणि स्क्रीन कोरी होते, सध्या मध्ये रबराचा तुकडा कोंबून चालवतोय. तेवढा भाग वेगळा मिळतो, मागवलाय. एचडीपीईची फळी असल्यामुळे या वेळी ट्रान्समला ड्रिल लावायची गरज नाही.